लिव्हर टॉनिक घेण्याआधी : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

गेल्या अंकात पोटाच्या तक्रारींविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत ‘कुठलं लिव्हर टॉनिक चांगलं?’ हाच प्रश्न होता. एका बाटलीचं नाव सांगून त्याचं उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येक पत्रातली तक्रार वेगळी आहे. म्हणून निवडक पत्रं तपशिलासह घेतली आहेत.

प्रश्न : वय ४८, वजन ८२ किलो. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ आलं. लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीपीटी ६४, एसजीओटी ४२. शुगर बॉर्डरवर आहे. मेडिकलवाल्याने एक सिरप आणि सिलिमरिनच्या गोळ्या दिल्या. किती महिने घेऊ? (वाचक, सांगली)

आधी सिरपच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक लिव्हर सिरप साखरेच्या पाकात बनवलेली असतात. दोन-दोन चमचे दिवसातून तीनदा म्हणजे ३० मिली पाक पोटात जातो. शुगर बॉर्डरवर असलेल्या आणि लिव्हरवर चरबी साठलेल्या माणसाने हे घेणं उलट्या दिशेचं आहे. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बाटलीत बहुधा सॉर्बिटॉल असतं. ते चालतं, पण जास्त झालं की पोटात गुडगुडतं आणि जुलाब होतात.

सिलिमरिन हा एका काटेरी युरोपीय झाडाच्या बियांचा अर्क. ७० किंवा १४० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. काहींचा एसजीपीटी त्याने थोडा उतरतो, पण लिव्हरमधली चरबी किंवा जून होत जाणारा व्रण त्याने भरून येतो असा भरवशाचा पुरावा नाही. घेतल्याने सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो ‘औषध चालू आहे’ या समाधानाने पुढची दोन वर्षं वाया गेली तर.

तुम्हाला खरं जाणून घ्यायचंय ते हे, की लिव्हर कडक होऊ लागलं आहे का. ग्रेड १, २, ३ ही चरबी किती दिसते त्याची अंदाजी मोजणी असते. कडकपणा त्यातून कळत नाही. त्यासाठी घरी कागदावर करता येईल असा एक हिशेब आहे, त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचं. मग प्लेटलेटचा आकडा हजारांत घेऊन त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्या संख्येला दुसरीने भागायचं. तुमच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट २ लाख ४० हजार आहेत, म्हणजे २४०. ४८ गुणिले ४२ म्हणजे २०१६. ६४ चं वर्गमूळ ८, आणि २४० गुणिले ८ म्हणजे १९२०. भागाकार १.०५. हा आकडा १.३ च्या आत असेल तर कडकपणाची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. मधे आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यावा. पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात, आणि पस्तिशीच्या आत हा हिशेब फारसा उपयोगी नाही.

तुमचा आकडा चांगला आहे, तेव्हा वजनाकडे वळा. वजनाच्या ५ टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत ४ किलो उतरले की चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्के, म्हणजे ६ ते ८ किलो उतरले की आतली सूजही ओसरते. हे सहा महिने ते वर्षभरात करायचं. उपाशी राहून महिन्यात ८ किलो उतरवले तर लिव्हरची सूज वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होऊ शकतात. सुरुवात चहापासून करा. चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे रोज ३५ ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातून जाते. उसाचा रस, कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस बंद. उपवासाची साबुदाणा खिचडी हा हलका आहार नाही, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आणि तेल आहे. तिथे राजगिरा, ताक, शेंगदाणे, फळ चालेल. कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची दोन-तीन कप घ्या, कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हर कडक होण्याचं प्रमाण कमी आढळतं. आठवड्याला १५० मिनिटं असं चाला की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी एकदा करून घ्या. एसजीपीटी वाढलेला प्रत्येक जण फॅटी लिव्हरचाच असतो असं नाही. तीन महिन्यांनी वजन आणि एसजीपीटी पुन्हा बघा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर फॅटी लिव्हरच्या भीतीने मनाने बंद करू नका.

प्रश्न : वैद्यांनी आरोग्यवर्धिनी एक महिना दिली होती. बरं वाटलं म्हणून दुकानातून परत परत आणते. वर्ष झालं. चालेल ना? (वाचक, सातारा)

नाही. आरोग्यवर्धिनीत निम्म्याच्या आसपास कुटकी ही कडू वनस्पती असते. कुटकीने शौचाला साफ होतं, आणि पहिल्या आठवड्यात ‘बरं वाटणं’ पुष्कळदा त्याचंच असतं. पण याच गोळीत शुद्ध पारा, गंधक, लोहभस्म आणि ताम्रभस्मही असतं. अशा घटकांच्या डबीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ती सूचना पाऱ्यासारख्या विषारी घटकांमुळेच आहे. ज्या वैद्यांनी दिली त्यांनाच दाखवा, आणि वर्ष झालंच आहे तर क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची तपासणी आणि लिव्हरची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ही गोळी स्वतःहून कधीच घेऊ नये.

प्रश्न : यजमान १५ वर्षं पितात. सोबत लिव्हरची गोळी घेतात आणि म्हणतात, त्यामुळे लिव्हर सुरक्षित आहे. आता दारू सोडायची गोळी सुरू केली आहे, म्हणून ताकदीसाठी मी कुमारी आसव आणलं. योग्य केलं का? (वाचक, अहिल्यानगर)

आसवाची बाटली आजच बाजूला ठेवा. दारू सोडवण्यासाठी जी डायसल्फिरामची गोळी देतात, तिच्यासोबत थोडं जरी अल्कोहोल पोटात गेलं तरी चेहरा लालबुंद होणं, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणं असा त्रास होतो. आसव-अरिष्टात अल्कोहोल असतं. बाहेरून घातलेलं नसतं, गूळ आणि धायटीची फुलं घालून ते मुरवताना आपोआप तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के. लेबलवर ‘स्वयंनिर्मित अल्कोहोल’ असं लिहिलेलं सापडेल. हिशेब करून पाहा : २० मिली दोन वेळा, ८ टक्क्यांनी, म्हणजे रोज ३.२ मिली शुद्ध अल्कोहोल. ३० मिलीच्या एका पेगमध्ये १३ मिलीच्या आसपास असतं, म्हणजे रोज पाव पेग झाला. निरोगी माणसाला जेवणानंतर समभाग पाण्यातून घेताना त्याने फारसा फरक पडत नाही. डायसल्फिराम घेणाऱ्याला, लिव्हर सिऱ्होसिस (व्रण पडून लिव्हर कडक होणं) झालेल्याला, आणि दारू नुकतीच सोडून त्या चवीपासून लांब राहू पाहणाऱ्याला मात्र ते नको. कुमारी आसव, पुनर्नवासव, रोहितकारिष्ट, द्राक्षासव, सगळ्यांना हेच लागू. होमिओपॅथीचे अर्क आणि काही खोकल्याची सिरपही यातच येतात. डायसल्फिरामचा असर गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, तेव्हा मधला दिवस गाठून आसव देणं हाही उपाय नाही.

आता ‘गोळी घेतो म्हणून लिव्हर सुरक्षित’ याविषयी. दारूने खराब झालेल्या लिव्हरवर एका नामांकित भारतीय वनस्पतिजन्य गोळीची श्रीलंकेत नियंत्रित चाचणी झाली होती, २००३ साली तिचे निष्कर्ष आले. गोळी घेणारे आणि नुसती दिसायला तशीच गोळी घेणारे यांच्यात फरक पडला नाही. दारू लिव्हरमध्येच मोडली जाते आणि मोडताना जे तयार होतं तेच पेशींना जाळतं. वरून घेतलेला अर्क ती प्रक्रिया थांबवत नाही. दारू थांबली की मात्र सूज काही आठवड्यांत ओसरायला लागते, चरबीही उतरते.

एक काळजी घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर ६ ते ७२ तासांत हातपाय थरथरणं, घाम, भास, फिट असं होऊ शकतं. ते जिवावर बेतू शकतं. म्हणून सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावं, सोबत थायामिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं. ‘ताकदीसाठी’ काही द्यायचं असेल तर अंडी, डाळ, दूध, आणि झोपण्यापूर्वी थोडं खाणं. कमकुवत लिव्हरला रात्रभराचा उपास सोसत नाही. डोकं-अंग दुखलं तर पॅरासिटॅमॉल दिवसाला २ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांच्या वर नको, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटॅमॉल असतं ते त्यात धरायचं.

प्रश्न : मुलाला कावीळ झाली. गावच्या माणसाने माळ घातली, ती रोज लांब होत गेली आणि कावीळ उतरली. आता सुनेलाही झाली आहे, तिला सातवा महिना आहे. त्याच माणसाकडे नेऊ का? (वाचक, बीड)

सुनेला आज, हे वाचून झाल्या झाल्या, दवाखान्यात न्या. पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अत्यंत घातक असते. त्यात दगावण्याचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. तिची बिलिरुबिन, एसजीपीटी आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम ही रक्त गोठण्याची तपासणी लगेच व्हायला हवी. झोप उलटसुलट होणं, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून रक्त येणं यातलं काही दिसलं तर जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयाशिवाय कुठेही थांबू नका.

माळ लांब होते त्याचं कारण तिच्या बांधणीत आहे. ओल्या काडीचे तुकडे दोऱ्याच्या सैल गाठींत अडकवलेले असतात. काडी वाळून बारीक झाली की गाठ सुटते आणि तेवढा दोरा मोकळा होतो. निरोगी माणसाच्या गळ्यातही ती लांब होते. चुन्याच्या निवळीत हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं तेही आधी हाताला चोळलेल्या झाडाच्या रसामुळे. यापेक्षा वाईट म्हणजे नाकात देवडांगरीचा रस सोडणं. नाकाची आतली त्वचा भाजते, पिवळं पाणी दोन दिवस वाहतं, लोक म्हणतात कावीळ बाहेर पडली. ती जखमेची लस असते.

मुलाची कावीळ उतरली ती ए किंवा ई विषाणूची असावी. यात डोळे पिवळे दिसेपर्यंत लिव्हरची सूज शिखर गाठून उतरणीला लागलेली असते. माणूस साधारण आठवड्याभराने माळेकडे जातो आणि उतार तेव्हाच सुरू होतो. म्हणून प्रत्येक गावात गुण आलेला एक तरी माणूस सापडतो. गुण न आलेला मोठ्या रुग्णालयात पोचलेला असतो, त्याची गोष्ट गावात कुणी सांगत नाही.

भुईआवळीबद्दलही तुम्ही विचारलंय. १९८८ साली मद्रासमधून हिपॅटायटिस बी वर तिचा मोठा गुण आल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर आशा निर्माण झाली. नंतरच्या चाचण्यांत तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. धुऊन घेतलेली थोडी भुईआवळी ताकात वाटून दिली तर बरं होणाऱ्या मुलाचं काही बिघडत नाही. धुवायचं पाणी मात्र उकळलेलं हवं.

खाण्याचं म्हणाल तर हळद आणि तेल सक्तीने बंद करून नुसता भात-साखर देण्याची गरज नाही. मळमळ होते तोवर हलकं, थोडं थोडं, मग भूक लागेल तसं नेहमीचं जेवण. आणि गाड्यावरचा उसाचा रस कावीळ झालेल्याला मुद्दाम पाजतात, तो थांबवा. त्यातला बर्फ आणि भांडी धुवायचं पाणी हेच अनेकदा कावीळ पसरण्याचं कारण असतं. घरात एकामागून एक दोघांना झाली म्हणजे पाण्याचा उगम तपासायला हवा. तोवर पाणी खळखळ उकळून प्या. नुसतं तुरटी फिरवून किंवा फडक्याने गाळून विषाणू जात नाही.

प्रश्न : नात १४ महिन्यांची आहे, काही खात नाही. शेजारणीने लिव्हर ड्रॉप्स सुचवले. देऊ का? (वाचक, पुणे)

पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिपटीच्या आसपास होतं आणि दुसऱ्या वर्षी वाढ एकदम मंदावते, सारी दोन-अडीच किलो. भूकही तशीच कमी होते. तिच्या वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेघ सरकत असेल तर लिव्हर ड्रॉप्सची गरज नाही. ती दिवसभरात दूध किती पिते ते मोजा. ५०० मिलीच्या वर जात असेल तर जेवायला जागाच उरत नाही, शिवाय नुसत्या दुधावर लोह कमी पडतं आणि लोह कमी पडलं की भूक आणखी मरते. बाटली बंद करून वाटीने द्या, जेवणाच्या तासभर आधी दूध-बिस्किट नको. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोहाचं सिरप आशाताईंकडे मोफत मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. वर्षापुढच्या बाळाला जंताची गोळी अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, चुरून पाण्यातून देतात. भूक वाढवणारं म्हणून सायप्रोहेप्टाडिनचं सिरप सर्रास दिलं जातं. त्याने मूल पेंगतं, आणि बंद केलं की भूक पुन्हा पूर्वीसारखी होते.

तुम्ही लिहिलंय की दूध पूर्वीपासून घरच्या पितळी पातेल्यात तापवतो. कल्हई शाबूत आहे का ते बघा. पुण्याच्याच केईएम रुग्णालयात ऐंशीच्या दशकात झालेल्या कामातून हे पुढे आलं की लहान मुलांना होणाऱ्या एका जीवघेण्या सिऱ्होसिसमागे पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं दूध हे मोठं कारण होतं. तांबं दुधातल्या प्रथिनाला चिकटतं आणि बाळाच्या लिव्हरमध्ये साठत जातं. ती भांडी स्वयंपाकघरातून गेली आणि तो आजारही जवळजवळ दिसेनासा झाला. आता तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जात आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवं : बाळाचं दूध स्टीलमध्येच तापवा आणि स्टीलमध्येच ठेवा. दही, ताक, आंबट वरण यांनाही हाच नियम.

तान्हं बाळ घरात असलेल्यांसाठी आणखी एक. जन्मानंतरची कावीळ १४ दिवसांपुढे राहिली आणि शी पांढुरकी, मातीसारखी होऊ लागली, तर ऊन दाखवत किंवा गुटी देत थांबू नका. पित्तनलिका बंद असण्याची ती खूण असते. त्यावरच्या शस्त्रक्रियेला ६० दिवसांच्या आत सगळ्यात चांगलं यश येतं.

प्रश्न : बहिणीला टीबीची औषधं सुरू आहेत. ती लिव्हरला जड असतात म्हणून सोबत टॉनिक द्यायचं आहे. लघवी केशरी होते, ही कावीळच ना? (वाचक, मालेगाव)

केशरी लघवी रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे होते, गोळी घेतल्यावर काही तास. डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाउजेडी बघा. तो पांढराच असेल, भूक ठीक असेल तर घाबरू नका. डोळे पिवळे, सतत मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगाला खाज, असं काही झालं तर त्याच दिवशी केंद्रात दाखवा आणि पुढचा डोस त्यांना विचारूनच द्या. लक्षणं असताना एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा लक्षणं नसतानाही पाचपट झाला तर डॉक्टर गोळ्या थांबवतात आणि नंतर एकेक करून परत सुरू करतात. टॉनिकने हा धोका टळतो असं म्हणण्यासारखा ठाम पुरावा नाही. उलट चार-पाच काढे आणि सिरप सोबत असले की एसजीपीटी वाढल्यावर कशामुळे वाढला ते शोधताच येत नाही. पांढरं, पातळ ॲसिडिटीचं औषध आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाच्या शोषणात अडथळा आणतं, त्यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. बी-६ ची १० मिलिग्रॅमची गोळी मात्र न चुकता द्या, ती नसांसाठी असते. टीबीच्या रुग्णांसाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये बहिणीच्या खात्यात येत आहेत ना, ते विचारा. ते अंडी, शेंगदाणे, डाळ यांवर खर्च झाले तर टॉनिकपेक्षा कितीतरी जास्त उपयोग होईल.

प्रश्न : वय ५६, चार महिने पोट फुगतं, अर्धी पोळी खाल्ली की पोट भरतं. पॅन्टोप्राझोल सकाळी चहासोबत, जेवणानंतर पाचक सिरप आणि लगेच ॲसिडिटीचं पातळ औषध घेते. पचनशक्तीसाठी काय घेऊ? (वाचक, नाशिक)

तुमची औषधं एकमेकांना खोडून काढत आहेत. पाचक सिरपमध्ये बहुधा डायस्टेज आणि पेप्सिन ही अन्न पचवणारी द्रव्यं असतात. पेप्सिन फक्त आम्लातच काम करतं. त्यावर लगेच आम्ल मारणारं औषध घेतलं की ते निकामी होतं. पॅन्टोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर घ्यायला हवी. जठरातले आम्ल सोडणारे पंप जेवणाने जागे होतात आणि गोळी जाग्या पंपांवरच चालते, म्हणून चहासोबत घेतलेली गोळी अर्धीमुर्धी वाया जाते.

पण वेळा दुरुस्त करण्याआधी तपासणी. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं पोट फुगणं आणि लवकर पोट भरणं याला पाचक देऊन थांबवू नये. दुर्बिणीची तपासणी, हिमोग्लोबिन आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्या. बायकांमध्ये बीजकोशाच्या आजाराची पहिली खूण पुष्कळदा हीच असते आणि ती ‘गॅस’ म्हणून महिनोन् महिने अंगावर काढली जाते. वजन उतरणं, शौचाला काळी होणं, गिळायला त्रास, वारंवार उलटी यातलं काही असेल तर याच आठवड्यात जा. एच. पायलोरी या जंतूची शौचाची किंवा श्वासाची तपासणी सांगितली तर त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असायला हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट ‘नाही’ येतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत असाल तर तिनेही पोट फुगतं, डॉक्टरांना ते सांगा.

सगळं निर्धोक निघालं तर हिंग्वष्टक चूर्ण जरूर घ्या, पण नीट. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, शहाजिरं, सैंधव ही सात समभाग आणि आठवा हिंग. हिंग आधी तुपात फुलेपर्यंत तळून मग कुटायचा. कच्चा राहिला तर चूर्णाचे गठ्ठे होतात आणि मळमळतं. बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा आणि डिंक मिसळलेला असतो, गव्हाचं वावडं असलेल्यांनी खडा हिंग आणावा. अर्धा चमचा चूर्ण भाताच्या पहिल्या घासात, साजूक तुपात कालवून. जेवणानंतर पाण्याबरोबर फक्की मारली तर घशाशी जळजळ होते, आणि तीच तक्रार घेऊन लोक चूर्णालाच नावं ठेवतात. ३ ग्रॅम चूर्णात साधारण ०.४ ग्रॅम मीठ जातं, रक्तदाबवाल्यांनी ते जेवणातून वजा करावं. छातीत जळजळ हीच मुख्य तक्रार असलेल्यांना सुंठ-मिरी-पिंपळी सोसत नाही, त्यांनी हे घेऊ नये.

उसळीची कडधान्यं ८-१० तास भिजवून ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात शिजवा. रात्रीचं जेवण आणि अंथरूण यांत तीन तास असू द्या. वर्षानुवर्षं घेतलेली पॅन्टोप्राझोल एकदम सोडली तर दोन आठवडे आम्ल उसळतं. हळूहळू, एक दिवसाआड करत, डॉक्टरांना विचारून उतरवा.

प्रश्न : रोज गुळवेलीचा काढा घेतो, लिव्हरसाठी चांगला ना? (वाचक, ठाणे)

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. नंतर इतर शहरांतूनही तशा नोंदी आल्या. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की सारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. दोन्ही गोष्टी लक्षात घेतल्या तरी सल्ला एकच निघतो : ओळख पटल्याशिवाय कुंपणावरची वेल काढ्यात घालू नये, आणि महिनोन् महिने रोज घेऊ नये. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, संधिवात, सोरायसिस असलेल्यांनी टाळावीच. तुम्ही बराच काळ घेत आहात तर थांबवा, एसजीपीटी तपासा. वाढलेला निघाला तर महिन्याने पुन्हा तपासा.

प्रश्न : पित्ताशयात ९ मिमीचे खडे आहेत. पाच दिवस सफरचंदाचा रस, मग एप्सम सॉल्ट आणि रात्री ऑलिव्ह तेल-लिंबू घेतलं की शौचावाटे हिरवे खडे पडतात असा मेसेज आला आहे. लिव्हरही साफ होतं म्हणे. करून पाहू का? (वाचक, मडगाव)

करू नका. जे हिरवे मऊ गोळे पडतात ते तेल आणि लिंबाच्या रसापासून आतड्यात तयार झालेल्या साबणाचे असतात. २००५ साली असे गोळे प्रयोगशाळेत तपासले गेले तेव्हा ते ४० अंशांवरच वितळले आणि त्यात कोलेस्टेरॉल सापडलं नाही. खरे खडे असे वितळत नाहीत. ज्यांच्या पित्ताशयात एकही खडा नाही त्यांनाही हे गोळे पडतात.

धोका तेलाचा आहे. एवढं तेल एकदम गेलं की पित्ताशय जोरात आवळतं, आणि खडा नळीत अडकला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येते. मूत्रपिंड कमजोर असेल तर एप्सम सॉल्टमधलं मॅग्नेशियम साठतं ते वेगळंच. पित्ताशयातले खडे औषधाने जातात अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे.

खडे असून कधीच दुखलं नसेल तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली तासन् तास कळ येऊन गेली असेल, एकदाच का होईना, तर सर्जनला दाखवा. विरघळवायची गोळी, अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, फक्त लहान आणि कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, पित्ताशय चालू असेल तरच, सहा महिने ते दोन वर्षं घ्यावी लागते. बंद केली की पुष्कळांना खडे परत होतात. ताप आणि थंडीसोबत डोळे पिवळे झाले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.